वर्गणीची गाडी

संचिताच्या प्रॅक्टिकलच्या खोलीवर गंडांतर आलं ते यज्ञेश सरांच्या गाडीमुळे. यज्ञेश सरांना ही खोली माहीतसुद्धा नव्हती, आणि संचिताला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते स्टेशनजवळ फिजिक्सचा क्लास घेतात आणि 'बल' समजावताना टेबलावर मूठ आपटतात. पण दिवाळीच्या सुमारास त्यांनी पांढरी जर्मन गाडी घेतली, क्लासच्या पायऱ्यांसमोर ती तिरकी लावायला सुरुवात केली, आणि डोंबिवली पूर्वेच्या पालकवर्गाला एकदम जाग आली.

पालकांचं गणित सोपं होतं. एवढी गाडी आहे म्हणजे सरांकडे पैसा आहे, पैसा आहे म्हणजे मुलं येतात, मुलं येतात म्हणजे शिकवतही असणार. यातली कुठली पायरी कच्ची आहे ते संचिता फळ्यावर मांडून दाखवू शकली असती, पण तिला कुणी विचारलं नाही. जानेवारीत एक बाई संचिता आणि तिचा नवरा सुशांत चालवत होते त्या क्लासच्या चौकशीला आल्या. त्यांनी फी ऐकली, निकाल ऐकले, मग खिडकीतून खाली डोकावून म्हणाल्या,

"सर कशानं येतात?"

"चालत. आम्ही याच बिल्डिंगमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्सची चेन लावली.

'मूलतत्त्व क्लासेस' हे नाव संचितानं ठेवलेलं होतं आणि त्याखाली 'यशाचा राजमार्ग' हे सुशांतनं जोडलेलं होतं. नवराबायकोचा अंदाज यायला एवढं पुरे. पहिल्या मजल्यावर दोन वर्ग होते. तो फिजिक्स शिकवी, ती केमिस्ट्री. आणि तळमजल्यावर, रस्त्याला लागून, एक गाळा. तिथे पूर्वी पिठाची गिरणी होती. संचितानं लग्नातलं सोनं मोडून तो स्वतःच्या नावावर घेतला, भिंतीच्या भेगांतलं पीठ काढण्यात मे महिन्याची सुट्टी घालवली आणि मग तिथे कडाप्प्याचा लांब ओटा, दोन बेसिनं, ब्युरेटचे स्टँड आणि बाटल्यांच्या फळ्या बसवल्या.

कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे गेल्या वर्षीच्या जर्नलवरून या वर्षीचं जर्नल उतरवणं. इथे प्रत्येकाला स्वतःच्या हातानं ब्युरेटच्या काचनळीची तोटी धरून थेंबथेंब सोडावा लागे आणि पाण्यासारख्या द्रवात फिकट गुलाबी रंग कधी टिकतो ते डोळ्यांत तेल घालून बघावं लागे. एक थेंब जास्त पडला की रंग भडक, आणि पुन्हा पहिल्यापासून. काही मुलं रडकुंडीला येत. पण बारावी होऊन गेलेली मुलं कधी भेटायला आली तर वरच्या वर्गात न जाता थेट या खोलीत शिरत, ओट्यावर हात टेकून उभी राहत आणि "मॅडम, वास तोच आहे," म्हणत. तो वास कुजक्या अंड्यांचा होता आणि दुसऱ्या मजल्यावरून त्याबद्दल तक्रारी येत. त्याखेरीज या खोलीनं कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं.

"गाडी घ्यायची," सुशांत एकदा जेवताना म्हणाला. "जर्मन."

"कशातून?"

"वर्गणीतून."

संचितानं वाढायला घेतलेला भात पुन्हा पातेल्यात टाकला.

"अगं, ऑनलाइन! लोक ऑपरेशनसाठी मागतात, शॉर्टफिल्मसाठी मागतात. एकानं कुत्र्याच्या दातांसाठी मागितले, मिळाले."

"त्या कुत्र्याला काहीतरी होत होतं."

"मग आपल्या क्लासला काय होतंय? मरायला टेकलाय."

त्याला हे सुचणं साहजिक होतं. गल्लीतल्या गणपती मंडळाचा तो सोळा वर्षं चिटणीस होता. वर्गणी हाच त्याचा खरा विषय. फिजिक्स त्यानं पदवीपुरतं घेतलं होतं. बोहनी झाल्याशिवाय दुकानदाराच्या दारात जायचं नाही. ज्या घरी जावई आलाय त्या घराची बेल आधी वाजवायची, कारण जावयासमोर कुठलाही सासरा एकवीस रुपये देत नाही. पावतीपुस्तकातली पहिली पावती आपणच मामाच्या नावानं मोठ्या आकड्याची फाडायची, म्हणजे पुढचा माणूस खिशात खोल हात घालतो. ही विद्या त्याला कुणी शिकवलेली नव्हती, आणि आता ती डोंबिवलीपुरती राहणं त्याला सोसत नव्हतं.

व्हिडिओ त्यानं प्रॅक्टिकलच्या खोलीत काढला. अंगात संचिताचा पांढरा कोट होता. तो पोटावर बंद होईना म्हणून हाताची घडी घातली. समोर तीन ब्युरेट मांडल्या आणि रंग दिसावा म्हणून त्यांत कोकम सरबत भरलं.

"मित्रांनो, गाडी ही चैन नाही," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला. "ती शैक्षणिक गरज आहे. आणि ही गाडी माझी नाही, ती आपली आहे, आपल्या सगळ्यांची. यथाशक्ती वर्गणी द्या, आणि एका गरीब शिक्षकाला श्रीमंत दिसायला मदत करा."

शेवटचं वाक्य तो अगदी मनापासून म्हणाला होता. लोकांना तो विनोद वाटला, आणि त्यामुळेच सगळं जुळून आलं.

पहिले दोन दिवस फक्त मामाचे पैसे दिसत होते, म्हणजे सुशांतचेच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांची फजिती दाखवून पोट भरणाऱ्या कुठल्याशा पेजनं तो व्हिडिओ उचलला आणि वर 'डोंबिवलीचा शास्त्रज्ञ' असं लिहिलं. मग ओघ लागला. संचिता दुपारी ब्युरेटमधलं चिकट सरबत धूत बसली होती आणि सुशांत शेजारी उभा राहून कॉमेंट वाचून दाखवत होता.

"'सर, माझ्याकडून डावा वायपर. उजवा भावाकडून घ्या.' हा बघ, 'अकरा रुपये पाठवलेत, हॉर्न वाजवताना माझी आठवण काढा.' हा कल्याणचा आहे, 'डोंबिवलीत ही गाडी चालवणार कुठे? खड्डे बुजवायची वेगळी वर्गणी काढा, त्यात दोनशे देतो.'"

"हे तुला हसतायत, सुशांत."

"हसू दे की. देतायत ना?"

देत होते. ठाण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलेली, कल्याणला रिक्षाच्या रांगेत उभी असलेली, कुठली कुठली माणसं एका वडापावच्या किमतीत एक अख्खा माणूस विकत घेऊन त्याला हसत होती. सुशांतला गाडी मिळावी असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. पुढे काय होतं ते मात्र सगळ्यांना बघायचं होतं.

वायपरवरून सुशांतच्या डोक्यात ट्यूब पेटली. देवळाच्या पायऱ्या, बसस्टॉपचे बाक, स्मशानातले पंखे: सगळीकडे कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ काहीतरी असतं. गाडीला तर केवढे भाग! त्यानं दुसरा व्हिडिओ काढला. मोठी देणगी देणाऱ्यानं गाडीचा एक भाग निवडावा. त्या भागावर त्याचं, किंवा त्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव येईल.

हा व्हिडिओ हसणाऱ्यांनी फारसा बघितला नाही. तो त्यांच्या आईवडिलांनी बघितला. आठवडाभरात चारी चाकं गेली, बोनेट गेलं, मागच्या काचेसाठी अंबरनाथच्या दोन भावांत भांडण झालं. शहाडचे कुणी दामाजी भोईर यांनी डावा पुढचा दरवाजा घेतला.

"नावं लिहिणार कुठे?" संचितानं विचारलं.

"आतल्या बाजूला. बारीक. स्टिकर."

"आणि ते बघायला आले तर?"

"अगं, हे ऑनलाइनवाले आहेत. देतात आणि विसरतात. मंडळाचे वर्गणीदार गल्लीतले होते, ते आरतीला येऊन छातीवर बसायचे. शहाडचा माणूस एका दरवाजासाठी डोंबिवलीला येणारे का?"

सोळा वर्षं वर्गणी गोळा केलेल्या माणसानं हे म्हणावं, याचं संचिताला नवल वाटलं.

गाडीचा दिवस ठरला गुढीपाडवा. आणि त्याच्याबरोबर खोलीचाही. रस्त्यावर उभी केली तर सकाळपर्यंत बोनेटवरचं चिन्ह जाईल आणि दुपारपर्यंत आरसे. गाडी शटरच्या आत हवी. शटर असलेली जागा एकच होती.

"प्रॅक्टिकल कुठे घेऊ?" संचिता म्हणाली.

"हल्ली व्हिडिओवर दाखवतात सगळे. गुलाबी रंग तिथेही गुलाबीच दिसतो."

"थेंब कोण सोडणार?"

"म्हणजे? व्हिडिओतला माणूस सोडेल."

ती टेप घेऊन खाली गेली. गाडीची रुंदी तिनं कंपनीच्या माहितीतून काढली होती, आता शटर मोजलं. मग पुन्हा मोजलं, या वेळी चौकटीच्या आतल्या कडेपासून. ओटा काढला आणि आरसे मिटले तर गाडी आत जात होती. आत गेल्यावर ड्रायव्हरचा दरवाजा उघडून माणूस बाहेर पडेल एवढी जागाही राहत होती. मापं तिच्या बाजूची निघाली नाहीत.

स्पष्ट नाही म्हणायचं तिच्या फार मनात होतं. गाळा तिच्या नावावर होता. पण अकरावीच्या बॅचला मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, हेही खोटं नव्हतं, आणि दुसरा उपाय तिलाही सुचत नव्हता. बारावीच्या बोर्डाची प्रॅक्टिकल संपली तशी ती बाटल्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. ॲसिडं वेगळी, क्षार वेगळे. ओटा मात्र तिनं काढू दिला नाही. "पाडव्याच्या दिवशी काढू," ती म्हणाली. "गाडी दारात येऊ दे आधी."

गाडी आली. नऊ वर्षांची होती. ठाण्याच्या ज्या दुकानातून ती घेतली तिथला माणूस म्हणाला की आधीच्या तीन मालकांनी तिला जिवापाड जपलंय. एवढं जपून तिघांनीही ती का विकली, ते तो बोलला नाही. पण धुऊन, पुसून, झेंडूचा हार घालून ती गल्लीत शिरली तेव्हा तिचा काळा रंग असा काही चमकला की संचितालाही क्षणभर वाटलं, आहे खरी.

आणि मग तिला गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली.

सुशांतनं आदल्या दिवशी सवयीनं एक संदेश टाकला होता. मंडळाचा जुनाच मजकूर, फक्त 'श्रींच्या' शब्दाच्या जागी 'गाडीच्या' घातलेलं: तरी सर्व वर्गणीदारांनी गाडीच्या दर्शनाचा व प्रसादाचा लाभ घ्यावा. त्यानं दोन किलो पेढे आणले होते. ते पहिल्या वीस मिनिटांत संपले. लोक येतच होते. अकरा रुपये देणारे मोबाइल उंच धरून आले होते, त्यांना मजा बघायची होती. स्मरणार्थवाले सहकुटुंब आले होते, नवे कपडे घालून.

"वायपर कुठला आमचा? डावा म्हणजे गाडीच्या डाव्या हाताचा की आपल्या?"

"ओ, बोनेटवर बसू नका, बोनेट आमच्या काकांचं आहे!"

"काका गेले ना पण?"

"म्हणूनच म्हणतो, उठा."

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या मालूबाई चार बायकांना घेऊन आल्या होत्या. नाकात भरगच्च नथ, अंबाड्यावर अबोलीची वेणी. त्यांनी मागची अख्खी सीट घेतली होती, आणि कुणाच्या स्मरणार्थ नव्हे तर स्वतःच्या नावानं. त्या दार उघडून सरळ आत जाऊन बसल्या, मागे टेकल्या, आणि काच खाली करून सुशांतला म्हणाल्या, "सर, भाचीची हलद हाय पंधरा तारखेला. गारी सकालीच धाडा. आनि एशी चालू करून धाडा, पोरी मेकप करून बसतील."

सुशांत हसला. "मावशी, अहो गाडी क्लासची आहे."

"कंच्या क्लासची? तूच बोललास ना, आपली गारी, सगल्यांची गारी? माज्या नातवानं दाखवलाय तो यिडिओ. मी काय फुकाट नाय दिलं पैसं."

"भावना म्हणून म्हटलं होतं हो ते."

"मंग मी पन भावनेनंच मागतंय."

मोबाइलवाल्यांना हे फार आवडलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सर, सीट परत करा नाहीतर हळदीला पाठवा!" आणि सगळी गल्ली हसली.

एवढ्यात दामाजी भोईर पुढे आले. सत्तरीचा, उंच, वाळलेला माणूस. पांढरा सदरा, पायांत नव्या वहाणा. त्यांनी बरोबर चांगदेव नावाचा पेंटर आणला होता. टेम्पोच्या मागे नावं आणि गुलाबाची फुलं रंगवण्यात शहाडमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या हातात लाल तैलरंगाचा डबा होता, आणि झाकण उघडलेलं होतं.

"एक मिनिट!" सुशांत दरवाजाच्या आड उभा राहिला. "काका, नाव आतून आहे. हे बघा, स्टिकर केलाय."

दामाजींनी वाकून पाहिलं. हँडलच्या खाली, आगपेटीएवढ्या जागेत, 'कै. सौ. ठमाबाई दामाजी भोईर' असं छापलेलं होतं.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "हे वाचायला चष्मा लागतो. आमची बाई काय जन्मभर लपून बसली व्हती? दोन म्हशींपासनं नऊ केल्या तिनं. बाहेरून लिवा. लांबनं दिसलं पायजे."

"काका, गाडीची किंमत जाते हो त्यानं."

"कोनाला इकायचीय?"

या प्रश्नाला सुशांत काही बोलायच्या आत चांगदेवनं दरवाजाखाली बारदान अंथरलं. तो काळ्या पत्र्यावर खडूनं रेघ मारायला लागला, आणि इतका एकाग्र झाला की मोबाइलवालेही दोन पावलं मागे सरले. लाल अक्षरं, प्रत्येकाला पिवळी सावली, शेवटी 'यांच्या स्मरणार्थ' जरा वळणदार. मग चाकवाले पुढे झाले. मग बोनेटवाले. चांगदेवनं त्या दिवशी जेवायलाही सुट्टी घेतली नाही.

उन्हं उतरली तेव्हा यज्ञेश सरांच्या गाडीवर मात करायला आणलेली गाडी एखाद्या घाटावरच्या बाकासारखी दिसत होती. सुशांतचा चेहरा उतरला होता, पण धीर सुटला नव्हता. एकदा आत घेतली की रंग खरवडता येईल, असा हिशोब त्याच्या डोळ्यांत संचिताला स्वच्छ दिसत होता. तो तिच्याकडे आला आणि हात पुढे करून हलक्या आवाजात म्हणाला,

"किल्ली दे. शटर उघडतो. दोन पोरांना सांगितलंय, ओटा दहा मिनिटांत निघेल."

संचिताच्या मुठीत किल्ली होती. सकाळपासून होती, हाताला लोखंडाचा वास लागला होता. शटरच्या आत, कागदात गुंडाळलेल्या बाटल्या खोक्यांत भरून तयार होत्या. तिला गर्दीत बोलायची सवय नव्हती. वर्गात ती बोलायची ते फळ्याकडे अर्धवट वळून. तरी ती बोलली, आणि नेहमीच्याच आवाजात बोलली.

"मला कशाला विचारतोस? ज्यांची गाडी आहे त्यांना विचार, कुठे ठेवायची ते."

"संचिता, आत्ता नको गं."

"काय, काय?" मालूबाईंनी काचेतून डोकं बाहेर काढलं. "कुठं ठेवतायत?"

"या गाळ्यात," संचिता म्हणाली. "शटर ओढून."

दामाजींनी शटरकडे पाहिलं, त्याच्या गंजलेल्या पट्ट्यांकडे, खालच्या कुलपाकडे.

"म्हंजे आमच्या बाईला कोंडनार?" ते म्हणाले.

"कोंडणार काय काका, पार्किंग आहे!"

"अंधारात नाव कोन वाचनार?"

"वर्गणीची वस्तू शटरमागे?" अंबरनाथच्या मागच्या काचेवाल्यानं आवाज चढवला. "उद्या म्हणाल गणपती पण बेडरूममध्ये बसवतो!"

"पैसे परत द्या मग!" एक मोबाइलवाला ओरडला. त्यानं दिलेले अकरा रुपये सुशांतनं तिथल्या तिथे खिशातून काढून दिले असते, पण मागून "माझे पण", "आमचे पण" अशी हाळी उठली आणि त्याचा हात खिशातच राहिला. गाडी तर घेऊन झाली होती. परत द्यायला काय होतं? हार आणि पेढ्यांचा खोका.

मग जे झालं ते मंडळात होतं तसंच झालं. रस्त्यातच सभा भरली. सुशांत बोलायला उभा राहिला तर त्याला "चिटणीस बसा" म्हणून खाली बसवलं. मोकळी जागा कुणाकडे आहे, असा प्रश्न निघाला. डोंबिवलीत कुणाकडेच नव्हती, कल्याणात दोघांकडे होती पण दोघांचेही भाऊ कोर्टात होते. शहाडला दामाजींच्या गोठ्याशेजारी पत्र्याचा मांडव होता, तीन बाजूंनी उघडा, समोर येणारा-जाणारा रस्ता. ठरलं. हळदीकुंकू, हळदी, डोहाळजेवण, दवाखाना अशा कामांना गाडी द्यायची; मालूबाईंचा पहिला नंबर. गाडी चालवणार कोण, यावर थोडा वेळ गेला. शेवटी कागदोपत्री मालक तोच असल्यामुळे आणि काही ठोकलं तर निस्तरायलाही तोच असल्यामुळे, ड्रायव्हर म्हणून सुशांतची एकमतानं निवड झाली. टाळ्या पडल्या.

संचितानं किल्ली पदराला पुसली आणि शटर उघडलं, एकटीला आत जाता येईल एवढंच.

पुढचे दोन महिने सुशांतचे रविवार गाडीत गेले. हळदीच्या हळदीनं सीट पिवळी झाली, ती निघाली नाही. बदलापूरच्या एका डोहाळजेवणाला उत्सवमूर्तीनं मागच्या सीटवर चिंचेचं पाणी सांडलं. शहाडला जायचं, गोठ्याच्या बाजूनं गाडी काढायची, काम करून पुन्हा तिथेच लावायची आणि रिक्षानं घरी यायचं. दामाजी रोज सकाळी दरवाजा फडक्यानं पुसत. फक्त तो एकच, बाकीच्या भागांचं ज्याचं त्यानं बघावं. सुशांतला क्लाससाठी गाडी हवी असेल तर सभेत अर्ज करावा लागे. जूनमध्ये ॲडमिशनच्या आठवड्यात त्यानं केला, तर त्या दिवशी गाडी बारशाला गेलेली होती.

पण पालक आले. खूप आले. सुशांतचं तोंड आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं होतं, आणि ओळखीचं तोंड म्हणजे चांगला क्लास.

"गाडीवाले सर तेच ना?" एका गृहस्थांनी विचारलं. "गाडी दिसत नाही खाली."

"ती क्लासची नाही," संचिता म्हणाली. "क्लासची ही खोली आहे. बघता?"

ते बघायला आले. बाटल्या पुन्हा फळ्यांवर लागल्या होत्या. ब्युरेट एका ओळीत उभ्या होत्या. संचितानं त्यांना सांगितलं की इथे प्रत्येक मुलाला स्वतः करावं लागतं, आकडा जमेपर्यंत. गृहस्थांनी आदरानं ऐकून घेतलं.

"नीटच्या परीक्षेत याला मार्क असतात का?"

"नाही. नीटमध्ये प्रॅक्टिकल नसतं."

"मग वेळ जात नाही का मुलांचा?" त्यांनी ओट्यावर बोट फिरवून बघितलं. "हां, तशी स्वच्छ ठेवलीये हो तुम्ही."

मुलीचं नाव त्यांनी घातलं, पण फक्त वरच्या वर्गासाठी. प्रॅक्टिकलला नको म्हणाले. तसे पुष्कळजण म्हणाले. बॅच भरली, खोलीत येणारी मुलं मात्र तेवढीच राहिली, गेल्या वर्षीइतकी.

सुशांतच्या मनाला कुठेतरी लागलं असावं. एका रविवारी तो शहाडहून आला, हात धुतले, आणि न विचारता म्हणाला, "तुझ्या खोलीसाठी मागू या. खरंच सांगतो. नवीन ब्युरेट, एक चांगला तराजू, धुराचा पंखा. गाडीला दिले लोकांनी, शिक्षणाला देणार नाहीत? या वेळी कोकम सरबत नाही. तू स्वतः बोल."

संचिताला डोळ्यांसमोर ब्युरेट दिसल्या, प्रत्येकीवर लाल अक्षरात कुणाचे काका. नळ उजवा, कै. अमुक. ॲसिडच्या बाटलीवर पिवळी सावली दिलेलं कुणाच्या तरी आईचं नाव. आणि दर रविवारी दारात माणसं, आमची बाटली दाखवा म्हणणारी.

पण तो इतका आशेनं बघत होता की तिच्यानं नाही म्हणवेना. ती कोट घालून ओट्यामागे उभी राहिली आणि खोलीत काय चालतं, कशाला काय लागतं, हे तिनं सरळ सांगितलं. विनोद झाला नाही. कुणी रडलं नाही. सुशांतनं व्हिडिओ टाकला, पहिली वर्गणी मामाच्या नावानं भरली, आणि वाट बघत बसला.

हसणाऱ्या पेजनं तो उचलला नाही. दोन आठवड्यांत मामा सोडून आणखी दोघांनी पैसे पाठवले. ती दोघं तिचीच जुनी मुलं होती. खाली एकच कॉमेंट आली: 'मॅडम, यात मजा काय?'

"काय माणसं आहेत!" सुशांत चिडून म्हणाला. "एका डबड्या गाडीला एवढे दिले, आणि इथे..." तो खरोखरच दुखावला होता. "सॉरी गं."

संचितानं फोन हातात घेऊन ती कॉमेंट पुन्हा वाचली. मग त्या दोन मुलांचे पैसे तिनं त्यांना परत पाठवले, मामाचे सुशांतला दिले, आणि खाली जाऊन शटर पूर्ण वर ढकललं. दुपारच्या बॅचची पाच मुलं दाराशी उभी होती. आत यायचा हक्क त्यांना फीमुळे होता. दुसरं कुणी काही दिलेलं नव्हतं, त्यामुळे दुसरं कुणी काही मागायलाही येणार नव्हतं. तिला फार हायसं वाटलं.